म्युनिकचं ऑक्टोबरफेस्ट: शनिवार टाळा, मंगळवारी दुपारी जा

ऑक्टोबरफेस्ट म्हणजे जर्मनीतल्या म्युनिक शहरातली बिअरची मोठी जत्रा, तिच्या पहिल्या शनिवारी सकाळी साडेदहाला आम्ही मैदानात पोचलो तर मोठ्या तंबूच्या दारावर पाटी लागलेली. मैत्रिणीने वाचून सांगितलं, आत जागा नाही, दार बंद. साडेदहाला! अजून बिअरचं पहिलं पिंप फोडायला दीड तास होता आणि आतली पोरं सकाळी 9 पासून कोऱ्या टेबलांवर जागा धरून बसलेली. दुसऱ्या तंबूला गेलो, तीच पाटी. तिसऱ्याला रांग होती पण ती हलतच नव्हती. शेवटी तंबूंच्या मधल्या रस्त्यावर उभं राहून आम्ही 12 वाजता तोफांचे बार ऐकले, एकूण 12 बार, आणि मग सगळ्या तंबूंमधून एकदम ओरडा उठला तो मात्र अंगावर काटा आणणारा होता. शॉटनहामल नावाच्या तंबूत शहराचा महापौर लाकडी पिंपात हातोड्याने तोटी ठोकतो आणि "ओ त्साप्फ्ट इस!" म्हणजे "पिंप फुटलं!" असं ओरडतो, 1950 पासूनची पद्धत आहे ही, आणि त्याच्या आधी बाकी कुठल्याच तंबूत एक थेंबही वाढत नाहीत.

हे सगळं 2025 चं, 20 सप्टेंबर ते 5 ऑक्टोबर होतं तेव्हाचं. माझी साताऱ्याच्या कॉलेजातली मैत्रीण गेली 11 वर्षं म्युनिकला असते, दरवर्षी म्हणायची ये ये, आणि दरवर्षी काहीतरी आडवं यायचं. यावेळी गेले, आठ दिवस राहिले आणि तीन वेगवेगळ्या वेळी जत्रेत जाऊन आले, म्हणून म्हटलं नीट लिहावं, कारण निघायच्या आधी मी जे काही वाचलं त्यात बिअर सोडून दुसरं काही सापडलं नव्हतं आणि मला तिथे जे आवडलं त्यात बिअर फार तर पाव हिस्सा असेल.

हो, जत्राच म्हणते मी. कारण ती आहेच जत्रा. 12 ऑक्टोबर 1810 ला बव्हेरियाच्या, म्हणजे म्युनिक ज्याची राजधानी त्या राज्याच्या, युवराजाचं, लुडविगचं, तेरेझ नावाच्या राजकन्येशी लग्न झालं आणि त्या आनंदात पाच दिवसांनी शहराबाहेरच्या कुरणावर घोड्यांची शर्यत ठेवली, सगळ्या लोकांसाठी. मजा आली म्हणून पुढच्या वर्षी परत ठेवली, त्याला जोडून शेतीचं, गुराढोरांचं प्रदर्शन आलं, मग खाण्यापिण्याच्या टपऱ्या आल्या, पाळणे आले. त्या कुरणाला अजून नवरीचंच नाव आहे, तेरेझियनवीझे, म्हणजे तेरेझचं कुरण, आणि म्युनिकची माणसं ऑक्टोबरफेस्ट म्हणतच नाहीत, नुसतं "वीझन" म्हणतात. पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेत ज्यांनी बैलबाजार आणि शर्यती बघितल्यात त्यांना हे कसं वाढत गेलं असेल ते वेगळं समजावून सांगायची गरज नाही. शर्यती आता होत नाहीत पण शेतीचं प्रदर्शन दर काही वर्षांनी अजून भरतं. आणि नावात ऑक्टोबर असून जत्रा सप्टेंबरात का, तर थंडी-पावसाच्या आधी आटपावी म्हणून हळूहळू तारखा मागे घेतल्या, बास.

शनिवारचा तो पचका झाल्यावर रविवारी सकाळी मैत्रीण म्हणाली, अगं आज मैदानात जायचंच नाही, आज रस्त्यावर उभं राहायचं. पहिल्या रविवारी पारंपरिक पोशाखांची मोठी मिरवणूक असते, साधारण 9000 माणसं, 7 किलोमीटर, शहराच्या मधून मैदानापर्यंत. पहिली निघाली ती 1835 मध्ये, त्याच लुडविग-तेरेझच्या लग्नाला 25 वर्षं झाली म्हणून. फुकट बघायला मिळते, फक्त 9 च्या आसपास जाऊन कडेला जागा धरा, आम्ही माक्सिमिलियनश्ट्रासेवर उभ्या होतो. आपल्या विसर्जन मिरवणुकीत कसं एक पथक गेलं की दुसऱ्या पथकाचा ताशा लांबून ऐकू येतो आणि सगळे मान लांब करून बघतात, हुबेहूब तसंच, फक्त ताशाऐवजी पितळी तुताऱ्या आणि मोठे ढोल. प्रत्येक गावाची टोपी वेगळी, पिसं वेगळी, बायकांच्या ओढण्यांच्या गाठी वेगळ्या. आणि ब्रुअरीचे घोडे! चार-चार, सहा-सहा जुंपलेले, पाठ आपल्या डोक्याच्या वर, खुरांवर पांढऱ्या केसांची झालर, गळ्यातल्या चामड्याच्या सामानाला पितळेचे घुंगरू, आणि मागच्या गाडीवर फुलांनी मढवलेली लाकडी पिंपं. एक घोडा आमच्यासमोरच थांबला, त्याच्या नाकातून येणारी वाफ माझ्या हाताला लागली, आणि मला आजोबांचा गोठा आठवला. ही मिरवणूक अजिबात चुकवू नका, बिअर न पिणाऱ्यांनी तर मुळीच नाही.

सोमवारी घटस्थापना होती. मैत्रीण उठता-बसता उपवास करते, तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत परडीत माती आणि गहू, बाजूला अखंड दिवा, आणि खालच्या रस्त्याने लेडरहोझन, म्हणजे चामड्याच्या चड्ड्या, घातलेली माणसं गाणी म्हणत स्टेशनकडे चाललेली. त्या दिवशी आम्ही घरीच होतो. साबुदाण्याची खिचडी केली.

आणि मग मंगळवार. खरा रिव्ह्यू इथून सुरू होतो.

मंगळवार का, तर जत्रेतल्या दोन्ही मंगळवारी फॅमिली डे असतो, संध्याकाळपर्यंत पाळण्यांचे दर कमी, आणि कामाचा दिवस असल्यामुळे दुपारी तंबूत आरामात जागा मिळते. मैत्रिणीने मला तिचा जुना डिर्न्डल दिला, म्हणजे तिकडचा घेरदार झगा आणि वरून ॲप्रन. ॲप्रनची गाठ मी आपली डावीकडे मारली तर तिने सोडून उजवीकडे मारून दिली, उजवीकडे म्हणजे बाई लग्न झालेली किंवा ठरलेली, डावीकडे म्हणजे मोकळी. वर माझं मंगळसूत्र होतंच, पण तिथे ते वाचणार कोण, तिथे गाठ वाचतात. भाड्याने किंवा विकत घेतलाच पाहिजे असं काही नाही, साध्या कपड्यातही खूप लोक असतात, पण घातलात तर अनोळखी माणसं आपणहून बोलायला येतात हे मात्र खरं.

आम्ही आउगुस्टीनरच्या तंबूत गेलो. तंबू म्हणतात पण आत गेल्यावर लग्नाच्या हॉलचे दहा हॉल एकत्र केल्यासारखं वाटतं, असे मोठे तंबू 14 आहेत आणि छोटे वेगळे. वीझनवर बिअर फक्त म्युनिकच्या सहा ब्रुअरींचीच मिळते, आउगुस्टीनर, हाकर-प्शोर, होफब्रॉय, लोवेनब्रॉय, पाउलानर आणि श्पाटन, बाहेरच्या कुणाला प्रवेशच नाही. त्यात आउगुस्टीनरची बिअर अजून 200 लिटरच्या लाकडी पिंपातून काढतात, बाकी बहुतेक ठिकाणी स्टीलच्या टाक्या आल्या. मैत्रिणीच्या ऑफिसातले सगळे म्युनिकवाले इथेच जातात म्हणे, आणि ते का हे पहिल्या घोटात कळलं. मी वर्षाकाठी दोनदा-तीनदा बिअर घेणारी, आपल्याकडची बाटलीतली, गॅसने नाक झिणझिणणारी. ही तशी नव्हतीच. गॅस कमी, मऊ, पावाच्या कडेसारखी थोडी गोडसर, आणि गिळल्यावर मागे हलका कडूपणा. पण सांभाळून, ही खास जत्रेसाठी बनवलेली असते आणि 6 टक्क्यांच्या आसपास असते, गोड लागते म्हणून घटाघटा घेतली तर बसल्या जागी झोप येईल. एका ग्लासला "मास" म्हणतात, तो 1 लिटरचाच, अर्धा मिळत नाही. आम्ही दोघींत एक घेतला आणि नंतर एक राडलर, म्हणजे अर्धी बिअर अर्धं लिंबाचं सरबत, उन्हातून आलेल्याला एकदम मस्त.

पैशाचं सांगते. 2025 ला एका मासचा दर तंबूप्रमाणे 14.50 ते 15.80 युरो होता, म्हणजे दीड हजार रुपयांच्या वर. महाग आहे, सरळ महाग आहे, आणि पाणीसुद्धा लिटरला 10 युरोच्या पुढे जातं, याचा मला खरंच राग आला. मैदानात शिरायला मात्र तिकीट नाही, तंबूलाही नाही. बिअर बसल्याशिवाय मिळत नाही, उभ्याने मागितली तर देत नाहीत, आणि टेबलावर ग्लास आला की तिथल्या तिथे पैसे द्यायचे, रोख, वर एक-दोन युरो सोडायचे. ते सोडायला मला जड गेलं नाही कारण आमच्या टेबलाची जी बाई होती, पन्नाशीची असेल, ती एका खेपेला 10 ग्लास आणत होती. भरलेला एक मास 2 किलोच्या वर भरतो. मी तिच्या मनगटांकडे बघत होते, दोन्ही मनगटांना पट्ट्या बांधलेल्या, ग्लास छातीशी धरलेले, आणि गर्दीतून वाट काढताना तोंडाने शिट्टी. टेबलावर ठेवताना एक थेंब सांडला नाही. सोळा दिवस, सकाळपासून रात्रीपर्यंत.

अजून एक, ग्लासवर लिटरची रेघ असते. दुसऱ्या एका तंबूत आम्हाला जो ग्लास दिला त्यात फेस बसल्यावर बिअर रेघेच्या बरीच खाली गेली, मैत्रिणीने न लाजता परत पाठवला आणि त्यांनी काही न बोलता भरून दिला. तो तुमचा हक्क आहे, मागा.

जेवणात अर्धी कोंबडी, हेंडल म्हणतात, मीठ आणि अजमोदा लावून फिरत्या सळईवर भाजलेली, वरची कातडी पापडासारखी. मसाला म्हणाल तर काही नाही, पण भाजणं इतकं नीट की मसाल्याची आठवण झाली नाही, आणि हे मी तांबडा-पांढरा रस्सा खाऊन वाढलेली बाई मनापासून म्हणतेय. मैत्रीण शाकाहारी, ती केझेश्पेट्झले खाते, हाताने पाडलेल्या जाड आखूड शेवया, चीजमध्ये घोळवलेल्या, वर तळलेला कांदा. ओबात्स्दा नावाची चीजची चटणी असते, मऊ चीज, लोणी, लाल मिरचीची पूड, कांदा, ती हातभर मोठ्या ब्रेत्सनबरोबर, म्हणजे पीळ घातलेल्या खारट पावाबरोबर, शाकाहारी माणसाचं पोट त्यातच भरतं. आणि मुळा! पांढरा मुळा मशीनवर स्प्रिंगसारखा कापून वर मीठ, बिअरबरोबर तोंडी लावायला. काठीला टोचून निखाऱ्यावर भाजलेला मासाही असतो, आपल्या बांगड्याच्याच जातीतला, त्याचा वास दोन गल्ल्या आधी येतो, कोकणातल्या लोकांनी तो सोडू नये. डुकराचा गुडघा मी खाल्ला नाही त्यामुळे त्याबद्दल बोलत नाही. आणि बहुतेक ठिकाणी कामाच्या दिवशी दुपारी जेवण जरा स्वस्त असतं, दुपारी जायचं हे पण एक कारण.

पण मंगळवारची मजा बाकावरची होती. टेबलं लांब, 8-10 माणसांची, त्यामुळे शेजारी कोण येईल ते आपल्या हातात नसतं. आमच्या शेजारी एक आजी-आजोबा, दोघं सत्तरीच्या पुढचे, आजोबांची चामड्याची चड्डी त्यांच्या वडिलांची होती, काळी पडून गुळगुळीत झालेली, आणि ते तिच्यावरचा एकेक डाग दाखवून हा अमुक वर्षीचा, हा तमुक वर्षीचा सांगत होते, मैत्रीण मला भाषांतर करून देत होती. चीअर्स करताना डोळ्यांत बघायचं, ग्लासकडे नाही, मी चुकले तर आजींनी माझी हनुवटी धरून वर केली, आपली आजी करेल तशी. 6 वाजेपर्यंत तंबूत बँडला आवाज कमी ठेवावा लागतो, 85 डेसिबलच्या आत, 2005 पासूनचा नियम आहे, म्हणून दुपारी बोलता येतं, ऐकू येतं, म्हातारी माणसं आणि लेकरं बसू शकतात. 6 नंतर बाकांवर उभं राहून नाचणं सुरू होतं, तेही छान आहे, पण ते तरुणांचं. 6 वर्षांखालच्या मुलांना रात्री 8 नंतर तंबूत थांबताही येत नाही.

तीन वाजता मैत्रिणीच्या मुलाला शाळेतून घेऊन तिचा नवरा आला. सात वर्षांचं पोर, चड्डी-गॅलिस घालून, मावशी चल मावशी चल करत मला ओढत टॉयफेल्सराडला घेऊन गेलं. म्हणजे सैतानाचं चाक, 1910 पासून आहे. जमिनीवर मोठी लाकडी गुळगुळीत तबकडी, तिच्यावर सगळ्यांनी बसायचं, ती फिरायला लागते आणि माणसं एकेक करून कडेला फेकली जातात, जो शेवटपर्यंत मध्ये टिकेल तो जिंकला. माइकवाला बव्हेरियन बोलीत कॉमेंटरी करतो, कधी फक्त मुलं, कधी फक्त बायका असं बोलावतो. पोरगं चौथ्या फेरीपर्यंत मधोमध पालथं पडून चिकटून राहिलं, तळहात पसरून, गाल लाकडाला लावून, आणि फेकलं गेलं तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे बघून हात हलवला. नंतर क्रिनोलीनवर बसलो, जुना हळू फिरणारा पाळणा, तिथे खरा बँड बसून वाजवतो. मौत का कुआँसुद्धा आहे तिथे! तोच लाकडी गोल, त्याच मोटरसायकली, वरून वाकून बघणारी तीच माणसं. मला इतका आनंद झाला की मी पोराला आमच्या लहानपणच्या जत्रेतलं सगळं सांगत बसले आणि त्याने विचारलं, मग तिकडेपण बव्हेरिया आहे का.

मुख्य दरवाज्याशी जाता-येता एक जागा लागते, तिथे थांबा. 26 सप्टेंबर 1980 च्या रात्री तिथे एका उजव्या अतिरेक्याने बॉम्ब ठेवला होता, 12 निरपराध माणसं गेली, तो स्वतः मेला, 200 हून जास्त जखमी झाले. घरी निघालेली माणसं होती, त्यात लहान मुलंही होती. पुण्यातली जर्मन बेकरी मला लगेच आठवली, 2010 च्या फेब्रुवारीतली ती संध्याकाळ. आम्ही दोघी तिथे काही वेळ नुसत्या उभ्या राहिलो.

गुरुवारी संध्याकाळी परत गेलो ते ओइडे वीझनला, म्हणजे जुनी वीझन. मैदानाच्याच एका टोकाला वेगळं कुंपण घालून, 2025 ला 4 युरो तिकीट होतं, 2010 ला जत्रेला 200 वर्षं झाली तेव्हा सुरू केलं. आत सगळे जुने पाळणे, त्यांचे दरही किरकोळ, बिअर दगडी मगात, आणि गाणी लाउडस्पीकरवरची नाहीत, खरी लोकांची. तिथे स्टेजवर चामडी चाबूक घेऊन सात-आठ माणसं आली आणि बँडच्या तालावर हवेत फटकारे मारायला लागली, एकाचा आवाज संपतो न संपतो तोच दुसऱ्याचा, ताल एकदाही चुकत नाही. घोडागाडीवाले लांबून एकमेकांना आपण येतोय हे कळवायला चाबूक वाजवायचे, त्यातून आलेली कला आहे म्हणे. मी आणि मैत्रीण एकमेकींकडे बघत बसलो, कारण आमच्या गल्लीत मंगळवारी यायचा तो पोतराज आम्हाला दोघींना एकाच वेळी दिसला, तो कडाड आवाज आणि दारामागे लपलेल्या आम्ही. बाहेरच्या मोठ्या तंबूंपेक्षा मला हेच जास्त आवडलं. एकच दिवस असेल आणि निवड करायची असेल तर दुपारी आउगुस्टीनर, संध्याकाळी इथे.

बाकी कामाचं: भूमिगत रेल्वेचं तेरेझियनवीझे स्टेशन अगदी दारात आहे पण संध्याकाळी तिथे पाय ठेवायला जागा नसते, गोएथेप्लाट्झला उतरून दहा मिनिटं चाला. मोठी बॅग नेऊ नका, 3 लिटरच्या वरची आत सोडत नाहीत. तंबूचं बुकिंग न करताही दुपारी जागा मिळते, कुणी ऑनलाइन चढ्या भावाने टेबल विकत असेल तर घेऊ नका. ग्लास आठवण म्हणून उचलून आणू नका, ती चोरी धरतात, विकत मिळतो. हॉटेलं त्या पंधरा दिवसांत अशक्य महाग, तिकडे कुणी आपलं माणूस असेल तर खुशाल त्याच्या घरी उतरा.

शनिवारला माझ्याकडून 5 पैकी 2, तेही तोफांसाठी. मिरवणूक, मंगळवार आणि ओइडे वीझनला पूर्ण 5.

निघायच्या आदल्या रात्री आम्ही बव्हेरियाच्या पुतळ्याखाली पायऱ्यांवर बसलो होतो. साडेअठरा मीटरची काशाची बाई, बाजूला सिंह, 1850 पासून उभी, समोर सगळी जत्रा पसरलेली. साडेदहाला तंबूंमध्ये बिअर वाढणं बंद झालं, लोक गाणी म्हणत बाहेर यायला लागले. मैत्रीण म्हणाली, 11 वर्षांत ऑफिसबरोबर आले, नवऱ्याबरोबर आले, पण ज्याला मागे वळून "अगं हे बघ" म्हणता येईल असं कुणी नव्हतं. मग तिने तिथेच फोनमध्ये तारखा काढल्या. 2026 ची वीझन 19 सप्टेंबर ते 4 ऑक्टोबर आहे, गणपती 14 ला बसतात, 25 ला विसर्जन, म्हणजे 29 तारखेचा मंगळवार मोकळा सापडतो. यावेळी तिची आई आणि माझी आई दोघींना घेऊन जायचंय, पासपोर्टचे अर्ज गेल्या आठवड्यात भरले.